मिठाचे खडे, लुगड्याचा काठ आणि बारा इंचांचं पान

डिजिटल स्क्रॅपबुकिंगचं कुठलंही फुकटचं किट उतरवून घ्या आणि फोल्डर उघडून बघा. मेपलची लालभडक पानं निघतील. बर्फाचे कण, लोकरीचे हातमोजे, केशरी भोपळे, घुबडं, लाकडी बटणं निघतील. सगळं देखणं आणि निगुतीनं केलेलं. ज्या मुलखात ते तयार झालं, तिथल्या घरांच्या आठवणींना ते शोभतंही. पण माझ्या पानावर हळदीच्या मांडवात बसलेली आत्या आहे. तिच्या मागे भरतीची खाडी आहे आणि खाडीपलीकडे घारापुरीचा डोंगर. तिच्या भोवती मेपलची पानं मांडली की फोटो आत्याचा राहतो, पान मात्र परक्याचं होतं. म्हणून न्हावा शेव्यात बसून मी माझं किट स्वतः करायला घेतलं. ते कसं करायचं आणि कशासाठी करायचं, हे सांगावं म्हणून हा लेख.

आधी किट म्हणजे काय ते सांगते. पूर्वी जाड वहीत फोटो चिकटवायचे आणि भोवती रंगीत कागद, फिती, बटणं, सुकलेली फुलं लावायची, अशी रीत होती. तेच सामान आता फाइलींच्या रूपात मिळतं. त्यातला ‘पेपर’ म्हणजे पानाची जमीन. ती चौरस असते, बारा इंच बाय बारा इंच. छपाईसाठी इंचाला 300 ठिपके धरले तर एका बाजूला 3600 पिक्सेल होतात. ‘एलिमेंट’ म्हणजे त्यावर ठेवायच्या वस्तू: फीत, बटण, चौकट, टाका, फूल. पेपर बहुधा जेपीजी फाइल असते आणि एलिमेंट पीएनजी. पीएनजी हा प्रकार 1996 साली आला. त्याचा मोठा गुण असा की वस्तूभोवतीची जागा पारदर्शक ठेवता येते. बटणाच्या भोकांतून खालचा कागद दिसतो तो त्यामुळेच. काही किटांत ‘अल्फा’ असते, म्हणजे सजवलेली इंग्रजी अक्षरं. काहींसोबत ‘टेम्प्लेट’ येतं, म्हणजे फोटोंच्या जागा आधीच आखलेलं पान. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर गिम्प फुकट मिळतं, आणि फोटोपी तर ब्राउझरमध्येच उघडतं. तिन्हींत कामाची पद्धत एकच: थरावर थर. प्रत्येक वस्तू आपापल्या थरावर असते. ती हलवा, फिरवा, रंग बदला, खालच्या फोटोला धक्का लागत नाही.

चिकटवहीची हौस जुनी आहे. ‘टॉम सॉयर’ लिहिणाऱ्या मार्क ट्वेननं 1873 साली चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. तिच्या पानांवर आधीच डिंक लावलेला असे, ओलं केलं की कात्रण चिकटे. आज आपण जिला स्क्रॅपबुकिंग म्हणतो त्या छंदाला अमेरिकेत जोर आला तो 1980 नंतर. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत वंशावळी आणि नोंदींबद्दल एक मोठी परिषद भरली होती. युटा राज्यातल्या मॅरिएलन क्रिस्टेन्सन या बाईंनी तिथे आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या, आणि लोक त्या बघून थक्क झाले. पण आपल्याकडच्या बायकांना हे काम कुणी शिकवायची गरज नव्हती. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत छापील चित्रांवर घरोघरच्या बायकांनी जरीचे तुकडे कातरून साडी नेसवली, टिकल्या लावल्या, मणी ओवून दागिने घातले. अशी सजवलेली चित्रं आजही संग्रहालयांत आणि जुन्या वाड्यांत बघायला मिळतात. छापील चित्र सगळ्यांचं सारखं, पण त्यावरची जर आपल्या घरची. माझ्या मते किटाचं काम याहून वेगळं नाही.

या हौसेचं आजचं आपलं रूप म्हणजे लग्नाचा करिझ्मा अल्बम. पनवेल, उरण, पेण, कुठल्याही फोटो स्टुडिओत जा. मागच्या खोलीत एक मुलगा संगणकासमोर बसलेला असतो आणि बारा बाय छत्तीसच्या तयार पीएसडी फाइलींमध्ये नवरा-नवरीचे फोटो भरत असतो. हेही स्क्रॅपबुकच. त्याचा हात इतका बसलेला असतो की बघत राहावं. मात्र त्या फाइली देशभर एकच फिरतात. त्यामुळे आमच्या हळदीच्या पानावरही कुठलासा राजवाडा, गुलाबाच्या पाकळ्या आणि न वाचता येणाऱ्या वळणाचं इंग्रजी वाक्य येतं. आमची हळद तशी नसते. आगरी-कोळ्यांच्या हळदीत मांडवाच्या कोपऱ्यात धवलारीण बसून धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते, आणि लग्नातला तिचा मान मोठा आहे. आमच्या भागातल्या कितीतरी अल्बमांत तिचा एकही फोटो सापडत नाही, कारण तयार पानावर तिच्यासाठी चौकटच आखलेली नसते.

आता गावाबद्दल. न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची दोन गावं, बंदराचं नाव त्यांच्यावरून पडलं. न्हावा पनवेल तालुक्यात, बंदर उरणमध्ये. जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झालं. त्याआधी शेवा कोळीवाडा उठला आणि तिथली माणसं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात गेली. जानेवारी 1984 मध्ये सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे सारा मुलूख रस्त्यावर उतरला. 16 आणि 17 तारखेला जासई आणि दास्तान फाट्याच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. पुढे 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून येणाऱ्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं, शेजारी विमानतळ उभा राहिला. माझा जन्म न्हाव्याचा आणि नोकरी कंटेनरच्या कागदपत्रांची. बंदरानं माझं घर चालवलं, हे मी विसरत नाही. पण जिथे शेतं आणि मिठागरं होती तिथे आता यार्ड आहे, आणि जुन्या फोटोंत माणसांच्या मागे चुकून आलेला बांध, होडी, भाताचं उडवं हाच त्या जागेचा उरलेला पुरावा आहे. फोटो काढणाऱ्याला नवरी हवी होती, आज मला नवरीही हवी आणि तिच्या मागचा बांधही. पानावर फोटो बसवताना लोक सर्वांत आधी कडा कापतात. आमच्याकडे तरी कापू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

आत्याचं सासर शेवा कोळीवाड्यातलं. नव्या वस्तीत घरांना वाळवी लागली हे उरणमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याच्या पत्र्याच्या पेटीत बरेचसे फोटो वाचले, पण हळदीचा फोटो भिंतीवर होता. त्याचा वरचा उजवा कोपरा वाळवीनं खाल्ला. उरलेला भाग त्या काळच्या रंगीत प्रिंटा उडतात तसा तांबूस झालेला. तो मी 600 डीपीआयवर स्कॅन केला. रंग थोडा सावरला, लाली कमी केली, खाडीच्या पाण्याला त्याचा राखाडी रंग परत आला. खाल्लेला कोपरा मात्र भरला नाही. आजकाल एका बटणावर तिथे आकाश उमटतं, पण ते आकाश त्या दिवशीचं नव्हे. वाळवीची कड नागमोडी आहे, तिच्या आत पिवळट कागदाचा थर दिसतो. तीही या फोटोची हकीकतच आहे. पानावर तो कोपरा मी उघडा ठेवला.

किटाची सुरुवात आत्याच्या लुगड्याच्या काठापासून केली. तो काठ मला पानावर फीत म्हणून हवा होता. कापडाचा फोटो काढला तर सुरकुत्यांच्या सावल्या पडतात, म्हणून काठ सरळ फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर ठेवला. वरून पांढरा पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर जाड पुस्तक. अडचण एवढीच की ए-फोर स्कॅनरची काच पावणेबारा इंचांहून किंचित कमी आणि पान बारा इंचांचं. तेव्हा दोन तुकड्यांत स्कॅन करायचा. काठावरची नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा येते. सांधा नक्षीच्या मधोमध न घेता, जिथे एक आकृती संपून दुसरी सुरू होते तिथे घेतला की डोळ्याला पत्ता लागत नाही. कडेचे सुटे धागे मी काढून टाकत नाही. त्यांच्यामुळेच फीत कापडाची वाटते.

मिठाचं तंत्र वेगळं. मीठ पांढरं आणि पारदर्शक, त्याची कड निवडून कापायला गेलं की हाती काही लागत नाही. म्हणून जाडं मीठ काळ्या कागदावर पसरलं, खिडकीतून एका बाजूनं ऊन घेतलं आणि वरून फोटो काढला. हा फोटो पानावर टाकून त्या थराची मिश्रणपद्धत ‘स्क्रीन’ केली की काळा रंग आपोआप नाहीसा होतो आणि फक्त खड्यांची चमक उरते. पानाच्या खालच्या कडेला असं मीठ पसरलं की मिठागराच्या वाफ्याची आठवण येते. आत्याला पान दाखवलं तेव्हा तिचं बोट आधी तिथेच गेलं. “यो मीठ हाय ना गो?” तिनं विचारलं, आणि मग वाफ्यातलं मीठ ओढायला पहाटे कोण कोण जायचं ते सांगत बसली. मेपलच्या पानानं हे झालं नसतं.

जाळं सर्वांत चिवट. नायलॉनचा तुकडा पांढऱ्या कागदावर ताणून, सावली पडणार नाही अशा ढगाळ उजेडात फोटो काढायचा. मग रंगानुसार पांढरं निवडून पुसायचं, म्हणजे प्रत्येक डोळा आपोआप पारदर्शक होतो. धाग्याच्या कडेला पांढरी किनार उरते, ती गडद पानावर फार खुपते. फोटोशॉपमध्ये ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ नावाची सोय आहे, तिनं ती जाते. गाठी मात्र मोठ्या करून एकेक तपासाव्या लागतात. वेळ जातो, पण एकदा केलेलं जाळं आयुष्यभर पुरतं. हवा तो रंग द्या, हवं तसं तिरकं टाका.

आणि पेपर? त्यासाठी कंटेनर. बंदराच्या आत फोटो काढायला मनाई असते आणि ती पाळायलाच हवी. पण आमच्याकडे जुने कंटेनर रस्त्याकडेला चौकी म्हणून, सामानाची खोली म्हणून कितीतरी ठिकाणी उभे आहेत. मालकाला विचारून त्यातल्या एकाची तांबडी, गंज फुटलेली, पन्हळी बाजू टिपली आणि तिची पानाची जमीन केली. रंगाचा भडकपणा उतरवून निम्मा केला, नाहीतर फोटो त्यात बुडतो. पन्हळींना स्वतःच्या सावल्या असतात. माझ्या फोटोत ऊन डावीकडून वरून आलं होतं, म्हणजे सावली प्रत्येक पन्हळीच्या उजव्या अंगाला. आता पानावरच्या फोटोची, फितीची, जाळ्याची सावलीही उजवीकडे खालीच पडली पाहिजे. एक जरी उलटी पडली तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण पान खोटं वाटतं.

सावलीवर मी अंमळ जास्त थांबते, कारण नवशिक्यांची पानं तिथेच उणी पडतात. सगळ्या वस्तूंना एकच सावली देऊन चालत नाही. फोटोचा कागद पानाला टेकलेला असतो, त्याची सावली अरुंद आणि घट्ट. बटण उंच, त्याची सावली दूर आणि पसरट. जाळं अधांतरी, त्याची अगदी फिकी. सावलीला शुद्ध काळा रंग देऊ नये. खालच्या कागदाचाच गडद रंग घ्यावा, माझ्या तांबड्या पानावर तो काळपट तपकिरी होता. पानाच्या मांडणीबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं: एक फोटो मोठा ठेवा, बाकीचे त्याच्या मागे राहू द्यात. सजावट एका-दोन ठिकाणी झुबक्यानं करा, चारी कोपऱ्यांत वाटू नका. आणि रिकामी जागा सोडायला घाबरू नका. मला रिकाम्या जागेचं पान जास्त आवडतं.

अक्षरांचा प्रश्न मराठी माणसासाठी खरा अवघड. इंग्रजी अल्फामध्ये सव्वीस अक्षरं, प्रत्येकाचं वेगळं पीएनजी, ओळीनं मांडली की झाला शब्द. आपल्या लिपीत काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, रफार, आणि वरून सलग शिरोरेषा. ‘न्हावा’ एवढं लिहायलाही सुटी अक्षरं पुरत नाहीत. तेव्हा अल्फाचा नाद सोडून मी युनिकोड फॉन्ट वापरते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात. बलू जाड आणि गुबगुबीत, शीर्षकाला फार छान. शब्द टाइप करायचा, त्याच्या वरच्या थरावर कंटेनरचा पेपर ठेवायचा आणि ‘क्लिपिंग मास्क’ करायचा. कागद फक्त अक्षरांच्या आकारापुरता उरतो. मग बारीक सावली. शब्द पत्र्यातून कापून काढल्यासारखा दिसतो आणि शिरोरेषाही अखंड राहते. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांची सोय चालू करायची, दोष जातो.

पण शीर्षकाहून मोलाचा तो खालचा मजकूर. पान सुंदर आणि मजकूर काहीच नाही, असं बघितलं की मला चुटपुट लागते. फोटोत कोण आहे हे आज घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या पिढीला ठाऊक नसेल. मी आत्याशेजारी बसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. एका बाईला मी तिची नणंद समजत होते. “ती नाय गो, ती माजी जाव,” आत्या म्हणाली, आणि त्या जावेचं माहेर, तिचा धवल्याचा आवाज, सगळं निघालं. ते मी फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि तिच्याच बोलीत पानावर उतरवलं, प्रमाण मराठीत सुधारून घेतलं नाही. मजकुरात चार गोष्टी तरी असाव्यात: माणसांची नाती, जागेचं त्या वेळचं नाव, साल, आणि ही माहिती कुणी सांगितली ते. साल नक्की नसेल तर ‘बंदर सुरू व्हायच्या आधी’ असं लिहिलं तरी पुष्कळ.

फाइलींना नाव देण्याची शिस्त मी नोकरीतून घेतली. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्यांवरून हिशेबानं काढलेला असतो, म्हणजे लिहिताना गफलत झाली तर लगेच सापडते. जगात कुठेही तो डबा याच क्रमांकानं ओळखला जातो. घरातल्या फोटोंची नावं मात्र फोननं दिलेली असतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. आधी साल, मग जागा, मग प्रसंग, मग माणूस, एवढं नावात घातलं की दहा हजार फोटोंतून हवा तो निघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंची आणखी एक अडचण म्हणजे ते नेहमीच्या पद्धतीनं पाठवले की आकारानं लहान होतात. लांब बाजू 1600 पिक्सेलची असेल तर 300 ठिपक्यांच्या छपाईत तो फोटो सव्वापाच इंचांपर्यंतच स्वच्छ येतो. नातेवाइकांना सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

दुसऱ्याचं किट वापरलं तर त्यासोबतची अटींची फाइल वाचावी. बहुतेक मोफत किटं घरगुती वापरापुरती असतात. त्यातली फुलं घेऊन वाढदिवसाचे फ्लेक्स करून विकणं किंवा किट जसंच्या तसं ग्रुपवर टाकणं म्हणजे ते बनवणाऱ्याच्या पोटावर पाय देणं. जाळ्याच्या गाठी मोजून बघितलेल्या माणसाला त्या कष्टाची किंमत कळते. माझं मीठ, काठ आणि जाळं मी गावातल्या मुलींना वापरायला देते, आणि त्यांच्याकडून बदल्यात त्यांच्या घरची एक वस्तू मागते. कुणी सूप स्कॅन करून आणलं, कुणी कोयत्याची मूठ, एकीनं आजोबांच्या होडीवरचं रंगवलेलं नाव.

पान पूर्ण झालं की दोन प्रती ठेवायच्या. एक थरांसकटची मूळ फाइल, कारण उद्या आत्याला आणखी एखादं नाव आठवलं तर मजकूर बदलता यायला हवा. दुसरी छपाईसाठीची जेपीजी, एसआरजीबी रंगात. दोन्ही वेगवेगळ्या दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आणि छापून घ्यायचंच. लॅबला बारा बाय बाराचा मॅट प्रिंट सांगायचा, कडेला पाव इंचात महत्त्वाचं काही ठेवायचं नाही, कारण कापताना तेवढं जातं. आत्याचं पान मी काचेच्या चौकटीत घातलं आणि चौकट भिंतीला न टेकवता मागे बुचाचे तुकडे लावून थोडी पुढे टांगली. हवा खेळती राहिली की ओल धरत नाही, आणि वाळवी आलीच तर आधी दिसते.